गोव्याचे वैद्य गार्सिया द ओर्ता आणि कुड्याची साल

पावसाळा लागून पंधरा-वीस दिवस झाले, ओढ्यांचे गढूळ पाणी विहिरींत उतरू लागले, म्हणजे खेडोपाडी आवेची तक्रार ऐकू येऊ लागते. पोटात मुरडा येतो, शेम पडते, मग रक्त पडू लागते. लहान मूल असले तर दोन दिवसांत त्याचे डोळे खोल जातात. अशा वेळी घरातील वडीलधारी माणसे डोंगरात कोणास तरी पाठवून कुड्याची साल आणवितात. कुडा म्हणजे काय हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. सिंहगडाच्या उतारांवर, मुळशी-वेल्ह्याच्या रानांत, कोकणपट्टीत तर जागोजाग, हे लहानसे झाड उन्हाळ्याच्या शेवटी पांढऱ्या फुलांच्या घोसांनी भरून जाते. त्याच्या फुलांची व कोवळ्या शेंगांची भाजी करितात. पुण्याच्या जुन्या पेठांतील काष्ठौषधींच्या दुकानांतून त्याची साल आणि त्याचे बी, ज्यास इंद्रजव म्हणतात, ही पुडीत बांधून मिळतात. चरक-सुश्रुतांच्या काळापासून आपल्याकडील वैद्य कुटज ह्या नावाने त्याचा उपयोग अतिसारावर करीत आले आहेत.

ही साल यूरोपातील विद्येच्या छापील ग्रंथात प्रथम ज्यांनी नोंदविली, ते गृहस्थ पोर्तुगीज होते. ते गोव्यात राहत असत. मुंबईचे बेट त्यांस खंडाने दिलेले होते. आणि अहमदनगरच्या निजामशहास त्याच्या दुखण्यात त्यांनी औषध दिले होते. त्यांच्या मरणानंतर बारा वर्षांनी त्यांची हाडे उकरून जाळण्यात आली. आमच्या मंडळ्यांतून त्यांचे चरित्र क्वचितच सांगितले जाते, म्हणून ते येथे देत आहो.

गार्सिया द ओर्ता ह्यांचा जन्म इसवी सन १५०१ च्या सुमारास, पोर्तुगाल देशात स्पेनच्या सरहद्दीजवळील कास्तेलो द व्हीद ह्या डोंगरी गावी झाला. त्यांचे आईबाप यहूदी असून मूळचे स्पेन देशातले. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने यहूद्यांस देशाबाहेर घालविले, तेव्हा जी कुटुंबे सरहद्द ओलांडून पोर्तुगालात आली त्यांत हेही होते. परंतु तेथेही पाच वर्षेच काय ती गेली. १४९७ साली पोर्तुगालच्या राजाने आपल्या राज्यातील यहूद्यांस बळाने बाप्तिस्मा देवविला. अशा रीतीने ख्रिस्ती केलेल्या लोकांस व त्यांच्या मुलाबाळांस तेथे नवे ख्रिस्ती म्हणत असत. नवे आणि जुने असा भेद आमच्या मंडळ्यांतही कधी कधी बोलण्यात येतो, आणि तो ऐकून आम्हांस वाईट वाटते. पण त्या देशात तो शब्द म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या न पुसणारा डाग होता. आजोबाच्या डोक्यावर जबरीने पाणी ओतले, एवढ्यावरून नातवाच्या चुलीवर पाळत ठेवीत: शुक्रवारी संध्याकाळी घरात दिवे लागतात काय, शनिवारी चूल पेटते की नाही, डुकराचे मांस खातात की टाळतात. जबरीचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, हे आमचे मत आम्ही येथे नोंदवून पुढे जातो.

मुलगा हुशार निघाला. त्याने स्पेनमध्ये सालामांका व आल्काला येथील विद्यापीठांत वैद्यकीचा अभ्यास केला. तो अभ्यास कसा असे, हे थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढील सर्व गोष्ट त्यावर उभी आहे. ग्रीक वैद्य गॅलेन, वनस्पतींवर लिहिणारा डायोस्कोरिडीज आणि अरबी भाषेत लिहिणारा इब्न सीना, हे त्या विद्येचे आधार होते. ह्यांना होऊन शेकडो वर्षे लोटली होती. अमुक मुळी उष्ण की शीत, अमुक बी कोणत्या देशात होते, ह्याचा निर्णय झाडाकडे पाहून नव्हे, तर पोथीकडे पाहून होत असे. पोथीतले आणि डोळ्यांनी पाहिलेले जुळले नाही, तर डोळ्यांची चूक धरीत. आपल्याकडच्या पाठशाळांतही ही खोड काही कमी नव्हती.

शिक्षण संपवून ओर्ता स्वदेशी परतले, काही काळ आपल्या गावी वैद्यकी केली, आणि १५३० पासून लिस्बन येथील विद्यापीठात शिकवू लागले. नाव होत होते. परंतु नव्या ख्रिस्ती लोकांवर नजर ठेवणारे धर्मन्यायासन, ज्यास इन्क्विझिशन म्हणतात, ते स्पेनप्रमाणे पोर्तुगालातही बसविण्याची खटपट चालली होती, व १५३६ साली ते बसलेही. त्याच्या दोन वर्षे आधी, १५३४ च्या मार्च महिन्यात, ओर्ता हे मार्तिम आफोन्सो द सौझा ह्या सरदाराचे वैद्य म्हणून जहाजावर चढले, आणि सहा महिन्यांच्या प्रवासानंतर सप्टेंबरात गोव्यास उतरले. पुन्हा त्यांनी मायदेश पाहिला नाही.

तेव्हाचे गोवे म्हणजे आजची पणजी नव्हे. मांडवीच्या काठी, ज्यास आज जुने गोवे म्हणतात, तेथे पोर्तुगीजांची राजधानी होती. देवळे, बाजार, गुलामांचा व्यापार, घोड्यांचा व्यापार, सर्व काही तेथे होते. नव्हते ते चांगले पाणी. सहा महिने खारवलेले मांस खाऊन आलेला खलाशी किनाऱ्यास लागला की ताप व हगवण ह्यांच्या तोंडी पडे. ओर्ता ह्यांनी ह्या भूमीवर पाहिलेल्या रोगांत पटकीही होती. तिच्या लक्षणांचे त्यांनी केलेले वर्णन यूरोपियन वैद्याने केलेल्या पहिल्या वर्णनांपैकी गणले जाते. त्यांनी तिचे जे देशी नाव लिहिले ते आपल्या मोडशी ह्या शब्दाचेच रूप आहे. पोर्तुगीजांच्या तोंडी पडून ह्या मराठी-कोंकणी शब्दाचे पुढे मोर्देशी असे झाले.

आवेवर ओर्ता ह्यांच्यापाशी पोथीतली औषधे होती. ती पुष्कळदा चालत नसत. त्याच गल्लीत राहणारा देशी वैद्य मात्र कितीएक रोगी बरे करीत असे. येथे आमच्या चरित्रनायकाचा खरा गुण दिसून येतो. ते विद्यापीठाचे अध्यापक, राज्यकर्त्या जातीचे, गव्हर्नरांचे वैद्य. तरी ते देशी वैद्यापाशी जाऊन बसले आणि त्यास विचारू लागले. त्यांनी आपल्या ग्रंथात हे लपविले नाही. रोग्यास आपण प्रथम आपल्या शास्त्रातील औषध देतो, आणि ते पुरे पडत नाही असे दिसले म्हणजे ह्या देशच्या ब्राह्मण वैद्यांचे औषध देतो, अशी कबुली त्यांनी दिली आहे. नाडीवरून ताप ओळखण्यात व हगवणीच्या उपचारात हे वैद्य चांगले आहेत, असेही ते लिहितात. त्यांस शरीराच्या आतल्या रचनेचे ज्ञान नाही, हे सांगावयासही ते विसरत नाहीत. मालुपा नावाच्या एका हिंदू वैद्यास तर त्यांनी आपल्या ग्रंथात पात्र म्हणून आणिले आहे. आणखी एक पात्र आहे, अंतोनिया नावाची त्यांची दासी. मालक बोलावितो, ती बाहेर जाऊन ताजी फांदी, फळ अथवा मुळी आणून पुढे ठेविते, आणि मग चर्चा सुरू होते. तीनशे पानांच्या पांडित्यापेक्षा हा फांदी आणविण्याचा प्रकार आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

त्यांची दुसरी शाळा आपल्या देशावर होती. अहमदनगर, ज्यास आता अहिल्यानगर असे नाव मिळाले आहे, तेथे बुऱ्हाण निजामशहा राज्य करीत होता. पुणे तेव्हा एक लहानसे कसबे असून ह्याच निजामशाहीच्या मुलखात मोडत असे. बुऱ्हाण निजामशहाने ओर्ता ह्यांस अनेक वेळा आपल्या दरबारी बोलाविले, त्यांच्याकडून औषध घेतले व त्यांचा मोठा सन्मान केला. दरबारात इराणी व अरबी जाणणारे हकीम होते. इब्न सीनाचा ग्रंथ ओर्ता ह्यांनी लॅटिन भाषांतरात वाचला होता. हकीम तो मूळ अरबीत वाचीत. दोघे समोरासमोर बसले आणि औषध मध्ये ठेविले, तेव्हा भाषांतरकारांनी केलेल्या चुका एकामागून एक उघड्या पडू लागल्या. वंशलोचनाचेच उदाहरण घ्या. तबाशीर ह्या अरबी शब्दाचे भाषांतर यूरोपात एका प्रकारची राख असे करून ठेविले होते, आणि तेथील वैद्य औषध म्हणून राख देत असत. तबाशीर हे बांबूच्या पोकळीत सापडणारे द्रव्य आहे, हे ओर्ता ह्यांनी दाखविले. चिंचेस अरबांनी हिंदुस्थानचा खजूर म्हटले म्हणून ती खजुरीच्या जातीच्या झाडास लागते, अशी तिकडे समजूत होती. तीही त्यांनी मोडली.

हे वाचून आमच्या वाचकांस वाटेल की, नावांची एवढी कटकट कशास? रोगी बरा झाला म्हणजे झाले. परंतु कुड्याच्या सालीचा पुढील इतिहासच दाखवितो की, नाव चुकले की औषध मेले. आपल्याकडे पांढरा कुडा आणि काळा कुडा अशी दोन झाडे आहेत. दोहोंच्या फुलांत व शेंगांत पुष्कळ साम्य आहे. पांढऱ्याचे इंद्रजव कडू, काळ्याचे गोडे. आवेवरचा गुण पांढऱ्याच्या कडू सालीत आहे. ओर्ता ह्यांनी मलबारची वनस्पती म्हणून हगवणीवरील जे औषध आपल्या ग्रंथात वर्णिले, ते हाच पांढरा कुडा होय असे पुढील वनस्पतिशास्त्रज्ञांनी ठरविले आहे. गोव्यातील पोर्तुगीजांस त्याचा गुण मलबारच्या वैद्यांकडून कळला होता म्हणून त्यांनी तसे नाव दिले. ओर्ता ह्यांच्या मागून क्रिस्तोव्हाँव द कॉस्ता नावाचा वैद्य आला. त्याने १५७८ साली स्पेनमधील बुर्गोस शहरी आपला ग्रंथ छापिला, आणि त्यात ह्या देशच्या वनस्पतींची चित्रे दिली. अठराव्या शतकात ही साल कोनेस्सी ह्या नावाने स्कॉटलंडातील एडिंबरो शहरी पोचली व तेथे तिचा बराच बोलबाला झाला. पुढे व्यापाऱ्यांनी तिच्यात काळ्या कुड्याची निरुपयोगी साल मिसळण्यास आरंभ केला, रोगी बरे होईनात, आणि औषधच खोटे असे ठरून यूरोपातील औषधालयांतून ते नाहीसे झाले. दोष सालीचा नव्हता.

एकोणिसाव्या शतकात ह्या कामास पुन्हा वेग आला, आणि त्यात आपल्या प्रांताचा वाटा आहे. पुण्यास लागून मुळेच्या काठी दापोडी येथे गव्हर्नर माल्कम ह्यांच्या वेळी सरकारी वनस्पतिबाग निघाली होती. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे स्कॉच सर्जन तिचे अधीक्षक होते. विलायतेहून महाग औषधे मागविण्याऐवजी औषधी झाडे येथेच लावून, त्यांचे अर्क काढून सरकारी औषधभांडारास पुरवावे, असा त्यांचा उद्योग होता. १८५८ साली मुंबईचे डॉ. हेन्स ह्यांनी कुड्याच्या सालीतून तिचे कडू सत्त्व वेगळे काढिले. ह्या सत्त्वास पुढे कोनेस्सीन हे नाव मिळाले.

तरीही एक गोष्ट कोणासच ठाऊक नव्हती. आव हा एक रोग नसून दोन अगदी निरनिराळ्या कारणांनी होणारे रोग एका नावाखाली दडलेले आहेत. १८७५ साली रशियातील लॉश नावाच्या डॉक्टरने रोग्याच्या मळात सूक्ष्मदर्शकाखाली एक हलणारा एकपेशी जीव पाहिला. हाच अमीबा. तो आतड्यात राहून मनुष्याच्या अन्नावर व मांसावर जगतो, म्हणून त्यास परोपजीवी म्हणतात. पुढे १८९८ साली जपानी डॉक्टर शिगा ह्यांनी दुसऱ्या प्रकारच्या आवेचा जंतू शोधून काढिला. तो अमीबाहून अगदी वेगळ्या जातीचा आहे. कुड्याचे सत्त्व अमीबावर चालते; शिगाच्या जंतूवर त्याचा भरवसा धरता येत नाही. आता ध्यानात येईल की, एक वैद्य शपथेवर सांगे की साल रामबाण आहे, आणि दुसरा तितक्याच खरेपणाने सांगे की तिचा काही उपयोग नाही, हे कसे घडत होते. दोघांचे रोगी निराळे होते.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात कर्नल रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी ह्यांनी कुड्याची नव्याने परीक्षा केली. ही परीक्षा म्हणजे काय? साल दारूच्या अर्कात अथवा आम्लात भिजवून तिचे सत्त्व काढावयाचे. काचेच्या नळीत वाढविलेल्या अमीबांवर ते किती पातळ असताना चालते हे पाहावयाचे. मग जनावरांस देऊन त्याचे विष किती हे मोजावयाचे. आणि त्यानंतरच, ज्यांच्या मळात अमीबा खात्रीने दिसला आहे अशा रोग्यांस ते देऊन, औषध थांबल्यावरही अमीबा पुन्हा दिसतो की काय, हे पाहत राहावयाचे. ह्या कसोटीस कुडा बऱ्याच अंशी उतरला. त्या वेळी ह्या रोगावर ब्राझील देशच्या इपेकाकच्या मुळीतील एमेटीन हे सत्त्व टोचीत असत. ते गुणकारी खरे, पण हृदयास धोक्याचे. कुड्याचे औषध पोटात घेता येई, ही मोठी सोय होती. परंतु शुद्ध कोनेस्सीन अधिक प्रमाणात दिले असता झोप उडणे, चक्कर येणे, मन बेचैन होणे असे प्रकार दिसून आले. १९६० नंतर मेट्रोनिडाझोल हे औषध ह्या रोगावर आले आणि डॉक्टरांच्या हातून कुडा मागे पडला. आयुर्वेदाच्या औषधालयांत कुटजारिष्ट व कुटजघनवटी अजून तयार होतात. आमच्या उपदेशक बंधूंस एवढेच सुचवितो की, मळात रक्त दिसले तर, त्यातही मूल लहान असेल तर, काढा उकळीत बसू नये. मिठासाखरेचे पाणी घोट घोट पाजीत त्यास दवाखान्याच्या वाटेस लावावे.

आता पुन्हा गोव्यास येऊ. ओर्ता ह्यांचा संसार वाढला होता. ब्रियांदा द सोलिस नामक स्त्रीशी त्यांचा विवाह होऊन त्यांस दोन मुली झाल्या. मायदेशी त्यांच्या दोन बहिणींस १५४७ साली लिस्बनच्या धर्मन्यायासनाने धरिले होते. त्या सुटल्यावर १५४९ साली आईसह गोव्यास भावाच्या आश्रयास आल्या. मोठमोठे अधिकारी ओर्ता ह्यांचे रोगी व मित्र होते. ह्याच कृपेच्या दिवसांत पोर्तुगीज सरकाराने त्यांस मुंबईचे बेट कायम खंडाने दिले. जेथे त्यांचा वाडा होता तेथेच पुढे इंग्रजांची गढी झाली, असे मानितात. मुंबईच्या आपल्या एका आंब्यास वर्षातून दोनदा बहर येतो, हे त्यांनी आपल्या ग्रंथात कौतुकाने लिहिले आहे.

तो ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून निघाला. छापण्याची कळ गोव्यात येऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. जुळारी कच्चे असल्यामुळे पुस्तकात चुका इतक्या राहिल्या की, शेवटी शुद्धिपत्राची पानेच्या पाने जोडावी लागली. ग्रंथ हिंदुस्थानातील साध्या वनस्पती व औषधे ह्यांवरील संवादांचा आहे. स्पेनहून नुकताच आलेला रुआनो नावाचा एक कल्पित डॉक्टर प्रश्न विचारितो व ओर्ता उत्तरे देतात. रुआनोस सर्व पोथ्या पाठ आहेत. प्रत्येक वेळी तो गॅलेनचे अथवा डायोस्कोरिडीजचे नाव पुढे करितो. ओर्ता त्यास नम्रपणे, पण न डगमगता सांगतात की, आपण जे पाहिले ते असे आहे. आपण स्पेनमध्ये असतो तर ग्रीकांच्या विरुद्ध असे बोलण्यास धजलो नसतो, हेही ते मोकळेपणी मान्य करितात. रुआनो म्हणजे तरुणपणीचे ओर्ताच, असे हे पुस्तक वाचणाऱ्यास वाटल्याखेरीज राहत नाही. ग्रंथ त्यांनी विद्वानांच्या लॅटिन भाषेत न लिहिता, जहाजावरच्या सर्जनासही समजावा म्हणून पोर्तुगीजमध्ये लिहिला. पोर्तुगालचा महाकवी कामोंइश त्या काळी गोव्यात होता. त्याची छापून निघालेली पहिली कविता ह्याच ग्रंथाच्या आरंभी आहे.

ग्रंथ निर्दोष नाही. पांढरे मिरे आणि काळे मिरे निरनिराळ्या वेलींचे असतात असे ओर्ता ह्यांनी लिहून ठेविले आहे. ती चूक आहे, दोन्ही एकाच वेलीचे. काही ठिकाणी पोर्तुगीजांच्या मोठेपणाचा डांगोराही पिटलेला आहे, तो आम्हांस आवडत नाही. आणि कुड्याबद्दल त्यांनी जी परीक्षा केली ती आजच्या अर्थाने परीक्षा नव्हे. त्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक नव्हता, मोजमापही नव्हते. होते ते इतकेच: रोग्याकडे पाहत राहणे, ज्यास ठाऊक आहे त्यास विचारणे, आणि ज्याच्याकडून शिकलो त्याचे नाव घेणे.

पण ह्या मनुष्याच्या आयुष्यात एक दार कायम बंद होते. ज्याने झाडापाल्याविषयी पाहिल्याशिवाय लिहावयाचे नाही असा निश्चय केला होता, त्यास स्वतःच्या देवाविषयी घरच्या माणसांखेरीज कोणाजवळही खरे बोलता येत नव्हते. ते मिस्सास जात. घरात मोशेचे नियमशास्त्र मानीत. आम्ही त्यांस ह्याबद्दल दोष द्यावयास धजत नाही. ज्या मंडळीने त्यांच्या आईबापांस तलवारीच्या धाकाने पाण्याजवळ नेले, ती मंडळी त्यांच्याकडून खऱ्या कबुलीची अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार? गोव्यातही धर्मन्यायासन बसवावे, असे झेवियर ह्यांनी पोर्तुगालच्या राजास १५४६ साली लिहिले होते. १५६० साली ते आले. ओर्ता ह्यांचा ग्रंथ त्यानंतर तीन वर्षांनी छापला गेला. त्याची पाने जुळविली जात असताना त्याच शहरात न्यायासनाचे काम चालू होते, हे ध्यानात घेऊन तो वाचावा.

१५६८ साली ओर्ता आपल्या घरी वारले. जिवंतपणी त्यांच्या अंगास कोणी हात लाविला नाही. मोठ्या लोकांची मैत्री तेवढी पुरली. ती त्यांच्या मागे राहिलेल्यांस पुरली नाही. त्यांची बहीण कातारीना हिला धरून नेले. चौकशीत तिने स्वतःविषयी व मेलेल्या भावाविषयी कबुली दिली. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला गोव्यात जिवंत जाळिले. कातारीनाविषयी तिच्या खटल्यात जे निघाले त्यापलीकडे फारच थोडे लिहिलेले सापडते. भावाच्या औषधांची नावे शेकडो ग्रंथांत गेली, आणि बहिणीचे नाव एका दप्तरात राहिले.

त्या कबुलीवरून मेलेल्या भावावर खटला चालला. पुरलेल्या मनुष्यावर खटला चालविण्याची रीत त्या न्यायासनात होती. ४ डिसेंबर १५८० रोजी ओर्ता ह्यांची हाडे थडग्यातून काढून, लोकांसमक्ष मिरवीत नेऊन जाळण्यात आली व राख नदीत टाकिली. गोव्याचे ते न्यायासन १८१२ साली कायमचे बंद झाले. १५६३ च्या त्या पुस्तकाच्या आज जगात फार थोड्या प्रती उरल्या आहेत. पणजीत चर्चजवळच्या चौकातील नगरपालिकेच्या बागेस गार्सिया द ओर्ता ह्यांचे नाव दिलेले आहे, आणि आमच्यापैकी जे कोणी गोव्यास जातात ते बहुधा ते नाव न वाचता त्या बागेतून चालत जातात.

त्या पुस्तकाचे पुढे काय झाले, तेवढे सांगावयाचे राहिले. गोव्यात ते छापले गेल्यानंतर एखाददुसऱ्या वर्षातच त्याची एक प्रत पोर्तुगालात फिरावयास आलेल्या शार्ल द लेक्लूझ नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती पडली. हा गृहस्थ तरुणपणी जर्मनीत व्हिटेनबर्ग येथे ल्यूथरचे सोबती मेलँक्थन ह्यांच्यापाशी शिकलेला असून प्रॉटेस्टंट मताचा होता. त्याने संवाद काढून टाकून ग्रंथाचे सार लॅटिनमध्ये केले, त्यास चित्रे जोडिली, आणि १५६७ साली अँटवर्प शहरी छापविले. म्हणजे ओर्ता अजून जिवंत असतानाच त्यांचा कुडा, त्यांचे वंशलोचन आणि त्यांची चिंच यूरोपभरच्या वैद्यांच्या टेबलावर पोचली होती. पुढे त्या सारग्रंथाच्या आणखी आवृत्त्या निघत गेल्या. त्यांपैकी एक १५७९ साली निघाली, गोव्यात त्यांची हाडे जाळिली त्याच्या आदल्या वर्षी.